‘बोलेल हळूहळू’, पण थांबायचं कधीपर्यंत?

ज्यांच्या घरी एक ते तीन वर्षांचं पिल्लू आहे, त्यांच्यासाठी आजचा भाग. मामा, काकू, आत्या, तुम्हीपण ऐका.

मी स्पीच थेरपिस्ट आहे. माझ्याकडे येणाऱ्या आईबाबांचं एक वाक्य ठरलेलं असतं, "ह्याचा बाबापण तीन वर्षांचा होईपर्यंत बोलला नव्हता म्हणे." असेलही. पण तेव्हा त्या बाबाचे कान कोणी तपासले होते का?

चालण्याचं आधी पटकन सांगते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासात निरोगी मुलं साधारण 8 ते 18 महिन्यांच्या दरम्यान केव्हाही एकटी चालू लागलेली दिसली. त्यामुळे शेजारची चिमी दहाव्या महिन्यात चालली म्हणून तुम्ही घाबरू नका. 18 महिने झाले तरी चालत नसेल, तर मात्र डॉक्टरांना दाखवा. आणि तो चाकांचा वॉकर नको. त्याने चालणं लवकर येत नाही, पडापडी होते. कॅनडाने तर 2004 मध्ये त्यावर बंदीच घातली.

आता बोलणं. शब्दांच्या आधी बोट येतं. वर्ष-सव्वा वर्षाचं मूल पंख्याकडे, भूभूकडे बोट दाखवतं आणि तुमच्याकडे बघतं, ‘पाहिलंस का?’ हे बोट मला पहिल्या शब्दाइतकंच महत्त्वाचं वाटतं. वर्षाच्या आत बा-बा, दा-दा अशी बडबड नाही, टाटा नाही, बोट दाखवणं नाही. 16 महिन्यांपर्यंत एकही शब्द नाही. दोन वर्षांपर्यंत ‘बाबा ये’, ‘दूदू दे’ असे दोन शब्द जोडून नाहीत, तर तपासणी करायची. आणि येत असलेले शब्द बंद झाले, तर कुठल्याही वयात लगेच.

पहिली तपासणी कानाची. "ताट वाजवलं की वळून बघतो हो!" वळेलच. मोठा आवाज त्याला ऐकू येत असेल, पण स, फ, क हे बारीक आवाज निसटत असतील. मग शब्द अर्धेच पोचतात. ही तपासणी मूल झोपलेलं असतानाही होते, दुखत नाही. जिभेवर वेखंड चाटवून कान उघडत नाहीत, एवढं आजीला प्रेमाने सांगा.

खर्चाची काळजी असेल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 पासून आहे. त्यात अंगणवाडीतल्या मुलांची वर्षातून दोनदा तपासणी होते. गरज पडली तर जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात मोफत पाठवतात. अंगणवाडी ताईंना विचारा.

घरी काय करायचं? मेथी निवडताना बोला, आंघोळ घालताना बोला. तो "पाणी" म्हणाला की तुम्ही म्हणा, "गार पाणी हवं?" एका शब्दाचे दोन झाले. "केळं की बिस्कीट?" असं विचारा आणि मनात पाच आकडे मोजा. हे थांबणं फार अवघड असतं, आपल्याला उत्तर द्यायची घाई! पण "आधी पाणी म्हण, मगच देते" असं नका करू. तहानलेल्याची परीक्षा कशाला घ्यायची?

मोबाइल. हो, तुम्ही मोबाइलवरच हे ऐकताय, माहितीये मला. पण दोन वर्षांच्या आत स्क्रीन नकोच, असं आपल्याकडचे बालरोगतज्ज्ञही सांगतात. आजी-आजोबांचा व्हिडिओ कॉल चालतो. कार्टून त्याच्याशी बोलतं, पण त्याच्या उत्तरासाठी थांबत नाही.

बंगळुरूहून, दुबईहून ऐकणाऱ्यांचा नेहमीचा प्रश्न, ‘दोन भाषांमुळे गोंधळ होतो का?’ नाही. मराठी सोडू नका. शब्द मोजताना दोन्ही भाषांतले मोजा.

डॉक्टरांकडे जाताना मूल घरी खेळतानाचा दोन मिनिटांचा व्हिडिओ न्या. दवाखान्यात मुलं गप्प बसतात, आणि खरं काय ते त्या व्हिडिओत दिसतं. पुढच्या भागात बोलूया मुलांच्या रागावर, भर बाजारात जमिनीवर लोळण घेतात ना, त्यावर. भेटूच!