गोठ्यातलं जनावर पिसाळलं तर

म्हैस वैरण खात नाही, पाणी पीत नाही, तोंडातून लाळेची तार लागली आहे. अशा वेळी आपण म्हणतो, घशात काहीतरी अडकलं असेल. मग बाही वर सारून तिच्या तोंडात हात घालतो, नाहीतर नळीनं तेल पाजतो. बंधूंनो, असं करू नका. हा रेबीज असू शकतो. या रोगात घशाचे स्नायू लुळे पडतात, जनावराला गिळता येत नाही, म्हणून लाळ गळते. त्याच लाळेत रोगाचे विषाणू असतात. हातावरच्या लहानशा ओरखड्यातूनही ते शरीरात शिरतात.

जनावर घोगऱ्या आवाजात सारखं हंबरत असेल, अंगावर येत असेल, चालताना मागचे पाय लटपटत असतील, तर संशय घ्या. त्याला कुत्रा किंवा कोल्हा चावला होता का, हे आठवून पहा. चावल्यानंतर लक्षणं दिसायला पुष्कळदा एक ते तीन महिने लागतात. तोवर आपण चावा विसरून गेलेलो असतो.

असं जनावर वेगळं बांधा, मुलांना जवळ जाऊ देऊ नका आणि पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. त्याचं दूध वापरू नका. मेलं तर कातडं न काढता खोल खड्ड्यात पुरा.

माणसाला चावा बसला किंवा जखमेला लाळ लागली, तर पुढील गोष्टी लगेच करा :

१. जखम वाहत्या पाण्याखाली साबण लावून १५ मिनिटं धुवा.
२. चुना, मिरची, हळद, तेल काही लावू नका. मंत्र-गंड्यात वेळ घालवू नका.
३. त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. जखम खोल असेल तर लसीबरोबर सिरमही लागतं.
४. डॉक्टरांनी दिलेल्या तारखांना सगळे डोस पुरे करा.

पोटातल्या चौदा इंजेक्शनांची भीती आता नको. ती जुनी लस केव्हाच बंद झाली. आता लस दंडावर देतात.

चावलेल्या जनावराची जखमही हातमोजे घालून अशीच धुवा आणि त्यालाही लस टोचून घ्या. वस्तीवरच्या कुत्र्याला दरवर्षी लस द्या.

लक्षणं दिसू लागल्यावर या रोगावर इलाज नाही. त्याआधी मात्र तो हमखास टाळता येतो. एवढं ध्यानात ठेवा आणि शेजाऱ्यालाही सांगा.