मरणाचे कारण लिहवून घ्या

(बडनेरा येथे नवदीक्षित बौद्ध कुटुंबांसमोर केलेले भाषण)



आज मी तुमच्यापुढे मरणाविषयी बोलणार आहे. विषय अशुभ आहे असे कोणास वाटेल. परंतु शुभाशुभाची ती कल्पना ज्या धर्माची, तो धर्म आपण सोडला आहे. शिवाय वकिलाच्या धंद्यात मरणाशी नित्य गाठ पडते. वारसा असो, नुकसानभरपाई असो, विधवेचे निवृत्तिवेतन असो, पहिला कागद मागितला जातो तो मृत्यूच्या दाखल्याचा. आपल्या पुष्कळ घरांत हा कागद नसतो. आणि असला तरी त्यामागील नोंदवहीत मरणाचे कारण धड लिहिलेले नसते. एवढ्या एका उणिवेने आपल्या समाजाचे किती नुकसान होते, ते मला सांगावयाचे आहे.

आरंभ बाबासाहेबांच्या घरापासूनच करू. रमाईंच्या पाच अपत्यांपैकी एकटे यशवंतराव जगले. रमेश, गंगाधर, इंदू आणि राजरत्न ही चार बालके हातची गेली. राजरत्न १९२६ साली गेला. ज्या पुरुषाची विद्वत्ता जगाने मानली त्याच्या घरी ही स्थिती. मग ज्यांची नावेही कोणास ठाऊक नाहीत अशा घरांतून किती पाळणे रिकामे झाले असतील, याचा हिशेब कोणी ठेवला काय?

आपल्या वाडवडिलांना या प्रश्नाचे एकच उत्तर शिकविले गेले होते. पटकी आली की मरीआईचा कोप झाला म्हणावयाचे, तिचा गाडा वेशीबाहेर न्यावयाचा, कोंबडे-बकरे द्यावयाचे आणि उरलेल्यांनी नशिबाला बोल लावावयाचा. गावाच्या विहिरीवर ज्यांना पाऊल ठेवण्याची बंदी होती, ज्यांना डबक्याचे आणि ओढ्याचे पाणी प्यावे लागे, त्यांच्या वस्तीत पटकी अधिक का येते, हा प्रश्न विचारण्याची सोयच त्या उत्तराने ठेवली नव्हती.

याच पटकीने १८५४ साली लंडन शहरातील सोहो भागात दहा दिवसांत पाचशेवर माणसे मारली. तेथे जॉन स्नो या डॉक्टराने देवीला नवस केला नाही. कोणत्या घरी कोण मेले आणि त्या घरचे पाणी कोठून येत असे, हे त्याने घरोघर फिरून लिहून काढले. बहुतेक मृत्यू ब्रॉड स्ट्रीटवरील एकाच पंपाच्या भोवती आढळले. त्या पंपाचा दांडा काढून टाकण्यात आला. पटकीचे जंतू शास्त्रज्ञांनी पुढे कित्येक वर्षांनी सिद्ध केले. परंतु पाण्यावर बोट ठेवले ते मृतांच्या मोजणीने. महाडला १९२७ साली बाबासाहेबांनी तळ्याच्या पाण्याचा हक्क बजावला. तो माणुसकीचा हक्क होता, आणि माझ्या मते जगण्याचाही होता; कारण कोणाच्या वाट्यास कोणते पाणी येते यावर त्याचे आयुष्य अवलंबून असते.

भगवान बुद्धांनी शिकविले की दुःखाला कारण असते आणि कारण नाहीसे केले म्हणजे दुःख नाहीसे होते. बावीस प्रतिज्ञा घेऊन तुम्ही देवदेवतांची उपासना सोडली. मग मरीआईच्या रिकाम्या ठिकाणी तुम्ही काय ठेवणार? मी म्हणतो, तेथे नोंदवही ठेवा.

आता देशाचा हिशेब पाहू. १९४६ साली भोर समितीने आपला अहवाल दिला, तेव्हा हिंदी माणसाचे सरासरी आयुर्मान सुमारे २७ वर्षे होते. २०१६ ते २०२० या काळाच्या सरकारी पाहणीत ते ७० वर्षांवर गेले. ही प्रगती मोठी आहे आणि ती कोणी नाकारू नये. परंतु सरासरी म्हणजे काय? एकाच्या ताटात चार भाकरी आणि दुसऱ्याच्या ताटात एकही नाही, तरी सरासरीने दोघांनी दोन-दोन खाल्ल्या असेच लिहिले जाते.

२०१०-११ च्या सरकारी आरोग्य पाहणीतील दोन कोटी माणसांच्या माहितीवरून नऊ राज्यांचा अभ्यास करण्यात आला व तो २०२२ साली प्रसिद्ध झाला. उच्चवर्णीय हिंदूंच्या मानाने दलितांचे आयुर्मान तीन वर्षांहून अधिक कमी आणि आदिवासींचे चार वर्षांहून अधिक कमी, असे त्यात आढळले. गरिबीमुळे असे होत असेल, असे तुम्ही म्हणाल. अभ्यासकांनी तेही तपासले. मालमत्तेतील फरकाने या अंतराचा अर्ध्याहूनही कमी भाग उलगडतो. बाकीचे अंतर केवळ दारिद्र्याचे नव्हे. जात ही माणसाची प्रतिष्ठा हिरावते हे आपण जाणत होतो. ती त्याची वर्षेही हिरावते, हे आता आकड्यांनी दाखविले आहे.

त्या नऊ राज्यांत महाराष्ट्र नाही. देशाचे आयुर्मान ज्या नमुना नोंदणीवरून दरवर्षी काढले जाते, तिच्या अहवालांत गाव आणि शहर, पुरुष आणि स्त्री असे भेद असतात; जातवार मृत्यूचे आकडे नसतात. बडनेऱ्याच्या स्थानकावर मुंबईहून नागपूरकडे जाणारी प्रत्येक गाडी किती मिनिटे उशिरा आली याची नोंद होते. त्याच रुळांपलीकडच्या वस्तीत एखादे तान्हे मूल तिसऱ्या दिवशी गेले तर त्याची नोंद व्हावी, ही मागणी काही फार मोठी नाही.

मोजल्याने मरण टळते काय, असे कोणी विचारील. याचे उत्तर आपल्या विदर्भातच आहे. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावोगावचे जन्म आणि बालमृत्यू नेमाने मोजले. नवजात मुले कशाने जातात हे कळल्यावर ३९ गावांतील स्त्रियांना घरीच त्यांची शुश्रूषा करण्याचे शिक्षण दिले. जेथे हा उपाय केला नव्हता अशा गावांच्या तुलनेने या गावांतील नवजातांचे मृत्यू सुमारे ६२ टक्क्यांनी घटले. १९९९ साली हे संशोधन प्रसिद्ध झाले आणि जगभर वाखाणले गेले. हे काम मोठ्या इस्पितळाने केले नाही. अल्पशिक्षित खेडुत बायांनी केले. आधी मोजणी, मग कारण, मग उपाय, असा त्याचा क्रम होता.

आता आपल्या घरात शिरलेल्या एका रोगाविषयी स्पष्ट बोलतो. विदर्भात आदिवासींत, आपल्या समाजात आणि इतर काही जातींतही सिकलसेल आढळतो, हे डॉक्टरांना अनेक दशकांपासून ठाऊक आहे. यात रक्तातील तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि रोग्यास असह्य वेदना होतात. आईबाप दोघेही वाहक असले तर प्रत्येक गर्भाला हा रोग होण्याचा संभव चारांत एक असतो. नुसता वाहक असलेला मनुष्य सहसा धडधाकट असतो. ज्या प्रदेशांत हिवताप फार, तेथे वाहकांना त्यापासून काहीसे संरक्षण मिळाले आणि म्हणून हा गुण पिढ्यानुपिढ्या टिकला. सबब हे रक्त हलके नव्हे, अशुद्ध नव्हे, पूर्वजन्मीच्या पापाचे तर मुळीच नव्हे. शुद्ध-अशुद्ध रक्ताची भाषा ज्यांनी आपल्याविरुद्ध वापरली, ती आपण आपल्याच लेकरांविरुद्ध वापरू नये.

१ जुलै २०२३ रोजी केंद्र सरकारने या रोगाच्या निर्मूलनाची मोहीम सुरू केली असून चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी तीत योजिली आहे. पत्रिका जुळविणे तुम्ही सोडले असेल. लग्न ठरविण्यापूर्वी मुलामुलीचे रक्त तपासून घ्या. रोगी मुलाला ताप आला तर अंगारा शोधू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. आणि हे लक्षात ठेवा की २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याच्या सूचीत सिकलसेलचा समावेश आहे. तेव्हा रोग्याला केवळ दया नव्हे, कायद्याचा आधार आहे.

आता कायद्याकडे वळतो. १९६९ च्या जन्ममृत्यू नोंदणी कायद्याप्रमाणे मृत्यूची खबर २१ दिवसांच्या आत द्यावयाची असते. घरी मृत्यू झाला तर ही जबाबदारी कुटुंबप्रमुखाची. २०२३ च्या दुरुस्तीनुसार रुग्णालयाने मृत्यूच्या कारणाचे प्रमाणपत्र निबंधकाकडे पाठवावयाचे असून त्याची प्रत जवळच्या नातलगास द्यावयाची आहे. ती मागून घ्या आणि वाचून पाहा. 'हृदयक्रिया बंद पडली' एवढेच लिहिले असेल तर ते कारण नव्हे. मरणाऱ्या प्रत्येकाचे हृदय बंद पडतेच. ते कशाने बंद पडले, हे विचारण्याचा संकोच करू नका.

पुष्कळ कुटुंबे क्षयासारखा रोग लाजेने लपवितात. त्यांनी निर्धास्त असावे. त्याच कायद्याच्या कलम १७ प्रमाणे नोंदवहीतील मृत्यूचे कारण कोणासही दिलेल्या दाखल्यात उघड करता येत नाही. मोजणीसाठी ते कारण सरकारला कळते. शेजाऱ्याला कळत नाही.

कारणाच्या एका ओळीवर किती अवलंबून असते, याचे उदाहरण गटारांत उतरणाऱ्या आपल्या बांधवांचे आहे. सर्वोच्च न्यायालयाने २७ मार्च २०१४ रोजी आदेश दिला की १९९३ पासून गटारात मेलेल्यांची कुटुंबे शोधून प्रत्येकी दहा लाख रुपये द्यावेत. २० ऑक्टोबर २०२३ रोजी ही भरपाई तीस लाखांवर नेली. परंतु कागदावर नुसते 'आकस्मिक मृत्यू' असेल आणि गटारातील विषारी वायूचा उल्लेखच नसेल, तर त्या विधवेने न्यायालयापुढे काय ठेवावे?

नोंदणीच्या अर्जात धर्माचा रकाना असतो. तेथे 'बौद्ध' असे स्वच्छ लिहवून घ्या. १९५६ च्या दीक्षेनंतर १९६१ च्या खानेसुमारीत महाराष्ट्रात सुमारे २८ लाख लोक बौद्ध म्हणून नोंदले गेले, तेव्हा त्या धर्मांतराचे बळ सर्वांस दिसले. बौद्ध लिहिल्याने अनुसूचित जातीच्या सवलती जातील हे भय १९९० च्या दुरुस्तीने दूर केले आहे. जिवंतपणी बौद्ध आणि सरकारी वहीत मेल्यावर हिंदू, असे कोणाचे होऊ देऊ नका.

शेवटी आपल्या वृद्धांविषयी. मुंबईच्या देवनार येथील लोकसंख्या संस्था दीक्षेच्याच वर्षी, १९५६ साली स्थापन झाली. तिने २०१७-१८ मध्ये पंचेचाळीस वर्षे व त्यापुढील बहात्तर हजारांवर माणसांची पाहणी करून म्हातारपणाचा अभ्यास आरंभिला. आपल्याकडे मात्र 'दीक्षेच्या साली मी एवढी होते' हाच कित्येक आजींच्या वयाचा पुरावा आहे. तो कोणतीही कचेरी मानीत नाही, आणि वृद्धापकाळाची मदत त्यावाचून अडते. संघातील एक भिक्खू आजारी होऊन स्वतःच्या मळात पडला होता. कोणी त्याच्याकडे पाहत नव्हते. भगवंतांनी आनंदासह त्याला स्वतःच्या हाताने स्वच्छ केले आणि मग इतरांना विचारले की याची शुश्रूषा का झाली नाही. हा प्रश्न आज आपल्यालाही लागू आहे.

म्हणून प्रत्येक कुटुंबाने एक वही करावी. तीत घरातील सर्वांची जन्मतारीख, रक्ताची तपासणी, आजार आणि औषध लिहावे. कोणी गेले तर दिवस, वय आणि कारण लिहावे. ही वही कुटुंबाचीच राहावी. विहारात मात्र वर्षाअखेर नावे न घेता एवढीच बेरीज व्हावी की वस्तीत किती जन्मले, किती गेले, कोणत्या वयाचे आणि कशाने. ती बेरीज घेऊन महानगरपालिकेकडे आणि जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याकडे जा. अर्जावर आकडा असला म्हणजे उत्तर देणे भाग पडते.

शिका, संघटित व्हा, संघर्ष करा, असे बाबासाहेबांनी सांगितले. त्यांच्या चार लेकरांचे मरण परत फिरविणे कोणाच्या हाती नव्हते. तुमच्या वस्तीतील पुढचे मूल वाचविणे मात्र पुष्कळ अंशी तुमच्या हाती आहे. येत्या पौर्णिमेला विहारात याल तेव्हा वहीचे पहिले पान भरून या.

जय भीम! नमो बुद्धाय!