न विचारता काढलेला फोटो
(शताब्दी सोहळ्यात केलेले भाषण)



कीर्तनाच्या जागेवर उभं राहून बोलायचा आमचा अधिकार नाही. आम्ही तिघं दिंडीतली फोटो काढणारी पोरं. दाढ्या पांढऱ्या झाल्या, तरी विणेकरी बाबांच्या लेखी पोरंच. या स्मरणिकेसाठी फोटो निवडायला बसलो, तेव्हा जे मनात आलं ते सांगतो.

"माउली, इकडं बघा" म्हटलं की माणूस टोपी सारखी करतो, बाई पदर नीट घेते, हात जोडले जातात. तो फोटो घरच्या भिंतीवर शोभतो. पण दिवेघाटाच्या चढाला टाळकऱ्याच्या गळ्याच्या ताणलेल्या शिरा, किंवा रिंगणात अश्व धावून गेल्यावर टापांखालची माती कपाळाला लावणारी म्हातारी, हे सांगून होत नाही. हाक मारली की मोडतं. आंरी कार्तिए-ब्रेसाँ नावाचे मोठे फ्रेंच छायाचित्रकार आपल्या कॅमेऱ्याचे चकाकणारे भाग काळे करून टाकत, कुणाचं लक्ष जाऊ नये म्हणून. तेव्हा न विचारता फोटो काढणं हे पापच, असं आम्ही म्हणणार नाही. नुसत्या हात जोडलेल्या फोटोंतून ही दिंडी कळली नसती.

पण आमच्या हातून एक गोष्ट झाली. लोणंदच्या तळावर दुपारी एक आजी राहुटीच्या सावलीत झोपल्या होत्या. पाय सुजलेले, टाचा फुटलेल्या, तोंड उघडं. उजेड इतका सुरेख, की आम्ही वाकून पाच फोटो काढले. रोलचा जमाना, एका रोलला ३६ फोटो. त्यातले पाच एकीवर, म्हणजे हाव बघा. त्यातला एक वर्तमानपत्रात छापून आला. आम्ही ताठ मानेनं फिरलो. तिकडं आजींच्या गावात लोक मुलाला विचारू लागले, "आईला असं सोडलंस व्हय रे?" तो मुलगा दर साली दोन मुक्कामांवर येऊन आईला औषध, चपला देऊन जायचा. फोटोत ते कुठं होतं?

पुढल्या साली आजी आल्या नाहीत. आम्ही त्यांच्या गावी गेलो. त्यांनी आधी चहा दिला. मग म्हणाल्या, "पाय माझंच हुतं बाबांनो, खोटं काय न्हाई. पर जागी असते तर पदर तरी घेतला असता."

तेव्हापासून नीरा नदीला पादुकांचं स्नान टिपतो, पण बायाबापड्या आंघोळीला उतरतात त्या काठाला कॅमेरा पिशवीत. पहाटेच्या टँकरपाशीही तसंच. झोपलेला, आजारी माणूस नाही. बाकीचा फोटो काढला की जवळ जाऊन दाखवतो. "नको" म्हटलं तर त्यांच्यासमोरच पुसतो. लांबून ओढणारी लेन्स वारीत आणत नाही. जवळ उभं राहिलं की माणसाला आपण दिसतो, त्याला तोंड फिरवता येतं. कळसदर्शनाला डोळे भरून आलेल्या माणसाचं काय करायचं, यावर मात्र आमच्यात अजून भांडण आहे. एक जण म्हणतो, ते अश्रू सगळ्या दिंडीचे. दुसरा म्हणतो, ते त्याचे आणि विठोबाचे. तिसरा तेवढ्यात काढून मोकळा होतो! आणि आता तर प्रत्येकाच्या खिशात मोबाईल आहे, तेव्हा हे भांडण तुमच्याही घरात येणार.

या अंकासाठी जे ओळखू आले त्या सगळ्यांना विचारलं. तिघांनी नको म्हटलं, ते काढले. आजी दोन वर्षांनी परत आल्या होत्या, त्यांचाही फोटो आत आहे. "चालताना काढा," असं त्यांनीच सांगितलं. पाठमोऱ्या आहेत, डोईवर तुळस, आणि बाजूला पिशवी धरून मुलगा.