गदा कुणाची, वस्ताद कुणाचा?



७ जानेवारी २०२० ला पुण्यात बालेवाडीला महाराष्ट्र केसरीच्या गदेसाठी अंतिम कुस्ती झाली. एका बाजूला आपला लातूरचा शैलेश शेळके, समोर नाशिककडून उतरलेला हर्षवर्धन सदगीर. सदगीर ३-२ अशा गुणांनी जिंकला आणि जिंकल्यावर त्यानं हरलेल्या शैलेशलाच खांद्यावर घेतलं. तो फोटो दुसऱ्या दिवशी घरोघरी पोचला. दोघं एकाच तालमीतले. दोघांचे वस्ताद एकच, अर्जुन पुरस्कारविजेते काका पवार. आणि काका पवार मूळचे आपल्या लातूर तालुक्यातल्या साई गावचे.

आता सांगा, त्या संध्याकाळी वस्ताद जिंकला की हरला?

लातूरच्या गंजगोलाईत चहाच्या गाड्यावर हा प्रश्न आजही टाकून बघा. एक जण म्हणेल, दोन्ही पठ्ठे त्याचेच, यापेक्षा वस्तादानं अजून करायचं तरी काय? दुसरा म्हणेल, ते खरं हो, पण लातूरच्या वस्तादानं लातूरची गदा आणायला नको का? या दुसऱ्या गड्याचा मला राग येत नाही. लातूरला गदेची सवय लावली ती लातूरनंच. १९६९ चं महाराष्ट्र केसरीचं अधिवेशन लातुरात भरलं होतं आणि ते मैदान मारलं हरिश्चंद्र बिराजदारांनी, निलंगा तालुक्यातल्या रामलिंग मुदगडच्या पैलवानानं. घरच्या मैदानात घरचा गडी केसरी झाला. पुढच्याच वर्षी, १९७० ला, एडिंबरोच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी सुवर्णपदक घेतलं. ज्या जिल्ह्यानं हे पाहिलं त्याला ३-२ ची हार गोड कशी लागावी?

नांदेडची गोष्ट आणखी गमतीची आहे. जानेवारी २०२३ मध्ये शिवराज राक्षे महाराष्ट्र केसरी झाला तो नांदेडच्या नावावर. गडी मूळचा पुणे जिल्ह्यातल्या खेड तालुक्यातला, तालीम पुण्यात, वस्ताद लातूरचे काका पवार आणि जिल्हा आपला नांदेड. गादी, म्हणजे मॅटच्या विभागात त्यानं सदगीरला हरवलं, अंतिम कुस्तीत महेंद्र गायकवाडला मिनिटाच्या आत चितपट केलं. महेंद्रही काका पवारांचाच. म्हणजे तीन वर्षांत दुसऱ्यांदा अंतिम कुस्तीचे दोन्ही गडी एकाच वस्तादाचे! पण वजिराबादच्या कट्ट्यावर कुस्तीशौकिनांचं म्हणणं, गदा नांदेडला आली खरी, पण नांदेडच्या पोराला कधी येणार? जिंकला तरी बोल, हरला तरी बोल. वस्तादाच्या नशिबी हे असंच.

हे फक्त आपल्याकडं आहे असं समजू नका. अमेरिकेत कॉलेजांच्या बास्केटबॉलवर लोक असाच जीव टाकतात आणि तिथल्या प्रशिक्षकाचा पंचनामा रोज होतो. केंटकी विद्यापीठाच्या जॉन कॅलिपारी यांनी २०१२ मध्ये राष्ट्रीय विजेतेपद आणलं. मार्च २०२४ मध्ये त्यांचा संघ ओकलंड नावाच्या तुलनेनं लहान विद्यापीठाकडून पहिल्याच फेरीत हरला आणि महिन्याभरात ते केंटकी सोडून आर्कान्सासला गेले. उलट जॉन वूडन. ते १९४८ ला यूसीएलए विद्यापीठात आले आणि पहिलं राष्ट्रीय विजेतेपद मिळालं १९६४ ला, सोळाव्या हंगामात. ते धरून पुढच्या बारा हंगामांत मात्र दहा विजेतेपदं. आजचे शौकीन असते तर वूडन गुरुजींना पाचव्या-सहाव्या वर्षीच नारळ मिळाला असता.

आता मूळ भांडणाकडं येतो. आपण वस्तादाला मापतो ते मातीच्या मापानं आणि त्याला पोरं लढवायची असतात गादीवर. मातीच्या मैदानात कुस्ती निकाली हवी. हलगी कडाडतेय, ढाक लागली, पाठ टेकली, फेटे उडाले. गादीवर खेळ सहा मिनिटांचा, तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या, मध्ये तीस सेकंदांची विश्रांती. तिथं नुसतं अंग चोरून उभं राहिलं तरी पंच ताकीद देतात. मग तीस सेकंदांत गुण घेतला नाही तर समोरच्याला एक गुण फुकट. रिंगणाबाहेर पाय पडला, आणखी एक. ३-२ ची कुस्ती अशा बारीकसारीक हिशेबांनी ठरते. मातीत वाढलेल्या शौकिनाला ती भित्र्यांची कुस्ती वाटते आणि तो शिव्या घालतो वस्तादाला.

कोपऱ्यात बसलेल्या वस्तादाकडं जरा बघा. पंचांचा निर्णय पटला नाही तर तो चॅलेंजचा ठोकळा गादीवर फेकू शकतो. मग पडद्यावर चित्रण पुन्हा पाहिलं जातं. निर्णय बदलला तर ठीक. नाही बदलला तर समोरच्या पैलवानाला एक गुण जातो आणि पुढं चॅलेंजचा हक्कही जातो. गडी ओरडतोय, 'वस्ताद, टाका!' मागं हजार माणसं ओरडतायत. त्या माणसाच्या हातात दोन-चार सेकंद असतात. ठोकळा हातात धरून मनातल्या मनात कुस्ती परत पाहायची. पाय आधी बाहेर गेला की पकड आधी लागली? घरी सोफ्यावर बसून हाच प्रसंग सावकाश, तीनदा बघितलेला माणूस दुसऱ्या दिवशी म्हणतो, वस्तादाला कळायला पाहिजे होतं.

म्हणून वस्तादाला काहीच विचारायचं नाही का? विचारायचं. फेब्रुवारी २०२५ मध्ये अहिल्यानगरला महाराष्ट्र केसरीच्या उपांत्य कुस्तीत निर्णय विरोधात गेला आणि शिवराज राक्षेनं पंचांना लाथ मारली. कुस्तीगीर परिषदेनं त्याच्यावर तीन वर्षांची बंदी जाहीर केली. निर्णय चूक की बरोबर यावर आपल्याकडं महिनाभर वाद झाला. मला विचाराल तर तो वाद दुय्यम आहे. निर्णय चुकीचा असला तरी लाथ बरोबर ठरत नाही. पैलवान पंचांवर पाय उचलतो तेव्हा गावानं गड्याला, तालमीला आणि टाळ्या वाजवणाऱ्या स्वतःलाही जाब विचारायला हवा. पण असा जाब विचारणारे कट्ट्यावर थोडेच भेटले. बहुतेकांना हळहळ गदेची.

आणि अपेक्षा म्हणजे नेमकी कुणाची? शौकिनाला गदा हवी. औशाचा किंवा लोह्याचा शेतकरी बाप सोयाबीनच्या पैशातून दूध, तूप, बदाम, मटणाचा खुराक पुरवतो, त्याला पोराच्या अंगावर वर्दी हवी. पोलीस, सैन्य, रेल्वे, खेळाडूंच्या कोट्यातून काहीही. पोराला स्वतःला काय हवं हे कुणी विचारत नाही, ते सोडा. आपल्या शेजारच्या बीड जिल्ह्यातला, पाटोद्याचा राहुल आवारे बघा. लहान वयात तो पुण्यात त्याच हरिश्चंद्र बिराजदारांच्या, म्हणजे मामांच्या, हाताखाली आला. मामा २०११ ला गेले. मग त्याला काका पवारांनी सांभाळलं. २०१८ ला त्यानं गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ५७ किलोत सुवर्ण घेतलं आणि पदक मामांच्या स्मृतीला वाहिलं. पुढच्या वर्षी नूर-सुलतानला जागतिक स्पर्धेत ६१ किलोत कांस्य घेतलं. पुढं तो पोलीस उपअधीक्षक झाला. महाराष्ट्र केसरीची गदा मात्र त्याच्याकडं नाही, त्याच्या वजनाच्या गड्यांसाठी ती नसतेच. आता गदेच्या मापानं मोजलं तर या पोराचं माप शून्य येतं आणि त्याच्यापुरतं त्याच्या दोन्ही वस्तादांचंही!

तेव्हा माझं मत सरळ आहे. काका पवार अपेक्षेला उतरले. स्वतः ग्रीको-रोमनचा पैलवान, जिथं कमरेखाली हात लावायची बंदी, आणि घडवली फ्रीस्टाइलची मोठ्या वजनाची पोरं. दोन वेळा राज्याच्या अंतिम कुस्तीत दोन्ही बाजूंना आपलेच पठ्ठे उभे करणं हे सोपं काम नव्हे. लातूरची गदा राहिली म्हणून त्यांना बोल लावणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. बिराजदार मामांची तालीम पुण्यात, काका पवारांची तालीम पुण्यात. आपले दोन्ही मोठे वस्ताद पुण्यात का गेले आणि आपली पोरं आजही ट्रंक उचलून पुण्याचीच गाडी का धरतात, हे त्यांना विचारून उपयोग नाही. ते आपल्याला विचारायला हवं. गावात तालमीची इमारत असते, हनुमंताची मूर्ती असते, हौदाही असतो. गादी नसते. शिकवणारा असतो तो बहुधा पन्नाशीचा, शेती सांभाळून पहाटे पोरांना जोर-बैठका घालून घेणारा माणूस. त्याला पगार नाही, मानधन नाही आणि पोरगं जरा तयार झालं की ते पुण्याला जातं. नाव पुण्याच्या वस्तादाचं होतं. यात पुण्याच्या वस्तादाचा दोष नाही.

येळवस झाली की लोहा तालुक्यातल्या मालेगावला खंडोबाच्या यात्रेत कुस्त्यांचा फड रंगतो. तुम्ही जाणारच. जिंकणाऱ्या पोराच्या हातात शंभर-दोनशेची नोट तुम्ही नेहमीच ठेवता, ती ठेवा. यंदा एवढं करा, की त्याला विचारा, बाबा, तुला पहिल्यांदा लांग बांधली कुणी? तो माणूस बहुतेक तिथंच गर्दीत कुठंतरी उभा असेल. दुसरी नोट त्याला द्या आणि पुढच्या ग्रामसभेत गादीचा विषय काढा.