संकटकाळ, घर आणि बंधुभाव
(वार्षिक संमेलनातील भाषण)



डॉक्टरांनी आजारांवर बोलावे अशी अपेक्षा असते. आम्ही आज एका देशाच्या आर्थिक आजाराविषयी बोलणार आहोत. कारण त्याची लक्षणे शेवटी माणसांच्या शरीरावरच उमटतात.

१९९७ च्या मध्यास इंडोनेशियात एका डॉलरला सुमारे २,४०० रुपिया पडत. जून १९९८ मध्ये हा दर १५,००० च्या आसपास गेला. त्या वर्षी देशाचे उत्पन्न सुमारे १३ टक्क्यांनी घटले आणि धान्याच्या किमतींपुढे मजुरी तोकडी पडली. कुटुंबे तगली ती परस्परांच्या आधाराने. वेगळी राहणारी माणसे एका छपराखाली आली. साठवलेले सोने मोडले गेले. तेथे 'अरिसान' नावाची प्रथा आहे. ठरावीक माणसे जमतात, पैसे गोळा करतात आणि पाळीपाळीने एकेकाला देतात. आपल्या आयाबहिणींची भिशी ती हीच.

परंतु भिशीला मर्यादा असते. दहांपैकी एक घर अडले तर नऊ घरे त्याला सावरतील. दहाही चुली एकाच वेळी थंडावल्या तर कोणी कोणाला सावरावे?

बोरोबुदूरचा स्तूप ज्या मध्य जावा प्रांतात आहे, तेथील माता-बालकांच्या पाहणीत याचे उत्तर मिळाले. मुलांची वजने फारशी घटली नाहीत. आयांची मात्र घटली. भात पूर्वीसारखा शिजत होता, पण अंडी आणि पालेभाज्या ताटातून कमी झाल्या होत्या. त्यामुळे मुलांच्या रक्तातील हिमोग्लोबिन उतरले. आईने स्वतःचा घास देऊन मुलाचे पोट भरले. त्याचे रक्त तिला राखता आले नाही. वरवर सावरलेल्या घराची किंमत अशी चुकवली गेली.

दुसरे सत्य अधिक कटू आहे. मे १९९८ मध्ये त्याच देशात चिनी वंशाच्या नागरिकांची दुकाने व घरे जाळली गेली. दंगलींत हजाराहून अधिक माणसे मेली. संकट माणसांना जवळ आणते, तसेच 'आपले' आणि 'परके' अशी रेषाही ओढते. ही रेषा आपल्या वाडवडिलांना कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. दुष्काळात गावची एकी पाणवठ्यापाशी कशी संपत असे, हे त्यांनी सोसले आहे. म्हणूनच केवळ शेजारधर्मावर विसंबता येत नाही. हक्क देणारे शासन हवेच. इंडोनेशियात १९९८ मध्ये गरिबांसाठी स्वस्त तांदळाची योजना आली. महाराष्ट्रात १९७२ च्या दुष्काळातून रोजगार हमी उभी राहिली. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी स्वातंत्र्य, समता व बंधुता ही एकमेकांपासून तोडता येत नाहीत असे बजावले, त्याचा अर्थ येथे उमगतो.

मग आपले कर्तव्य काय? गावाकडचे उत्पन्न बुडते त्याच दिवशी आपला पगार बुडत नाही. भिशीत जो अकरावा माणूस नसतो, तो आपण आहोत. विहारासाठी आपण आनंदाने वर्गणी देतो, ती द्यावीच. त्याच श्रद्धेने एक संकटनिधी उभारावा. तो घरातील बाईच्या हाती पोहोचावा. त्यातून डाळ, अंडी, औषध आणि शाळेचे शुल्क भागावे. आणि मदत घेणाऱ्याला जात विचारली जाऊ नये.

आपण दूर आहोत, याची खंत आपणा सर्वांनाच आहे. त्या दूरपणाचा असाही उपयोग होऊ शकतो, एवढेच नम्रपणे सांगून आम्ही थांबतो.

जय भीम! जय भारत!