टाचेतून जाणारा आवाज



कपाशी वेचणाऱ्या बाईची टाच डोळ्यांपुढे आणा. भेगाळलेली, काळ्या मातीनं रंगलेली. शेतात राबलेल्या कवयित्री बहिणाबाईंचं नाव लावणाऱ्या या विद्यापीठात भौतिकशास्त्राची गोष्ट शेतातूनच सुरू व्हावी, असं मला वाटतं.

त्या टाचेतलं हाड वरून पातळ कवचाचं, आतून जाळी पडलेल्या धिरड्यासारखं. जाळीची एकेक काडी जेमतेम ०.१ ते ०.२ मिलिमीटर जाड, मधल्या पोकळ्यांत मज्जा. पाळी थांबल्यावर या काड्या झिजतात, काही तुटतात. दुखत काहीच नाही. मग एक दिवस ओट्यावरून पाय घसरतो आणि खुबा मोडतो.

१९८४ मध्ये इंग्लंडमधल्या हल इथं ख्रिश्चन लँग्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टाचेतून अल्ट्रासाऊंड पाठवून पाहिला. पोटाच्या सोनोग्राफीतल्या काही मेगाहर्ट्झच्या लहरी या जाळीत विखरून, शोषल्या जाऊन विरतात. म्हणून इथं २०० ते ६०० किलोहर्ट्झ. शेजारचं लग्न मातीच्या भिंतीआडून ऐकलंय ना? ढोलाचा ठेका पोचतो, सनई वाटेतच हरवते. हाडातही तसंच. पण लँग्टन एका वारंवारतेवर थांबले नाहीत. वारंवारता वाढेल तशी लहर किती झपाट्यानं क्षीण होते, त्या रेषेचा चढ त्यांनी मोजला. जाळी दाट असेल तर चढ तीव्र, विरळ झाली की मंद.

पुढे एक कोडं उभं राहिलं. जिथं क्षय वारंवारतेबरोबर वाढतो, तिथं लहरीचा वेगही किंचित वाढावा, असं सिद्धान्त सांगतो. या हाडात अनेकांना तो घटताना दिसला. आलेख उलटा आला, तरी त्यांनी तो लपवला नाही, छापला. मला या माणसांबद्दल फार आदर आहे. उत्तराचा धागा जुनाच होता: द्रवानं भरलेल्या सच्छिद्र पदार्थात एक जलद आणि एक मंद अशा दोन लहरी धावतात, हे शास्त्रज्ञ बिओ यांनी १९५६ मध्येच मांडलं होतं. १९९७ मध्ये जपानच्या होसोकावा आणि ओतानी यांना जनावराच्या हाडात त्या दोन्ही सापडल्या. २००६ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवलं की, सुट्या पाहिल्या तर दोघीही सिद्धान्ताप्रमाणेच वागतात. एकमेकींवर चढून आल्या आणि आपण त्यांना एकच लहर समजलो, की वेग घटल्यासारखा दिसतो.

टाचेतून अशी लहर पाठवणारं यंत्र छोटं असतं, क्ष-किरण लागत नाहीत. चोपडा, शिरपूर, अक्राणीच्या पाड्यांवर ते गाडीत घालून नेता येतं. हाड विरळ झाल्याचं पक्कं निदान डेक्सा या क्ष-किरण तपासणीनंच करायचं. पण तिथं कुणाला पाठवायचं, हे टाच सांगू शकते. तुलनेचे आकडे मात्र आपल्याच बायकांचे हवेत. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव फिरून जुने कागद गोळा करत. त्यातला बराच ठेवा धुळ्यात आहे. ही मोजणीही तशीच पायी फिरून जमवावी लागेल.

आणि पाड्यांवर जाल तेव्हा एक लक्षात ठेवा. भेगांत हवा अडकलेली असते, आणि हवेचा पातळसा थरही ही लहर अडवतो. आधी त्या माउलीची टाच कोमट पाण्यानं धुवा, जेल भेगांत नीट चोळा, मगच यंत्र लावा.