उशिरा बोलणारे मूल : शिक्षकाने काय पाहावे



पहिलीच्या वर्गात एखादे मूल असे येते की, ते हजेरीला 'हजर' म्हणत नाही, प्रश्नाला उत्तर देत नाही आणि भिंतीलगत मुकाट बसून राहते. महिन्या-दोन महिन्यांत त्याच्या नावाला 'मंद' हा शब्द नकळत चिकटतो. तो चिकटविणे सोपे, सोडविणे मात्र फार अवघड. म्हणून मूल का बोलत नाही, याचा शोध घेणे हे शिक्षकाचे पहिले कर्तव्य होय.

प्रथम सर्वसाधारण क्रम ध्यानी घ्यावा. मूल वर्षाच्या सुमारास पहिला अर्थपूर्ण शब्द उच्चारते. दोन वर्षांचे झाले की 'आई ये', 'दूध दे' असे दोन शब्द जोडते. तीन वर्षांचे झाले की लहान वाक्ये बोलते. आणि चार वर्षांच्या मुलाचे बोलणे परक्या माणसासही बहुतेक समजते. थोडे मागेपुढे व्हावयाचेच. परंतु दोन वर्षांनंतरही शब्द जुळत नसतील, किंवा आलेले बोलणे मावळले असेल, तर वाट पाहत बसू नये.

कारणे शोधताना प्रथम श्रवण पाहावे. जे कानी पडत नाही, ते मुखी येत नाही. कान वाहणारे मूल कधी ऐकते, कधी ऐकत नाही. आणि म्हणूनच ते हट्टी ठरते. शिक्षकाने त्याच्या पाठीमागे उभे राहून हलक्या आवाजात नाव घ्यावे. ही केवळ खूण होय, तपासणी नव्हे. एकदा मान वळविली म्हणून कान निर्दोष समजू नये.

नंतर आकलन पाहावे. हातवारे न करता 'पाटी घे आणि दाराजवळ ठेव' असे सांगावे. ऐकू येत असूनही मुलास हे समजत नसेल, तर बौद्धिक वाढ, स्वमग्नता इत्यादींचा विचार तज्ज्ञाने करावयाचा असतो. निदान करणे हे शिक्षकाचे काम नव्हे.

घरची भाषाही विसरू नये. कोरकू, भिली वा गोरमाटी बोलणारे मूल वर्गात गप्प, पण आपल्या अंगणात बोलके असेल, तर तो भाषेचा परकेपणा होय, दोष नव्हे. दोन भाषांमुळे वाचा खुंटत नाही. म्हणून घरची भाषा सोडण्याचा सल्ला कधीही देऊ नये.

'त्याचा बापही उशिराच बोलला' असे म्हणून घरची मंडळी थांबतात, जिभेला वेखंड लावतात. त्यांना न दुखविता तपासणीची निकड पटवावी. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत वर्षातून एकदा, अंगणवाडीत दोनदा येते. अशा मुलांची नावे निरीक्षणांसह आधीच लिहून ठेवावीत. मात्र शंका बळकट असल्यास पथकाची वाट न पाहता मुलास रुग्णालयात पाठवावे.

तोवर त्यास पुढे बसवावे, त्याच्याकडे तोंड करून बोलावे, उत्तरास अवधी द्यावा आणि कोणी हसल्यास तेथेच थांबवावे. मुक्या वाटणाऱ्या मुलाजवळही सांगण्यासारखे पुष्कळ असते. ते ऐकण्याची तयारी शिक्षकाने ठेवावी.